कचरा तर सापडणारच

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी जीप किंवा जिप्सी दिसली, की तिच्याभोवती जमणाऱ्या चार माणसांपैकी तिघांचं निदान गाडीपाशी पोचण्याआधीच झालेलं असतं. गाडी एकदम बंद पडली की धापा टाकत पडली, चढावर की सपाटीवर, गार असताना की तापल्यावर, यातलं काहीही त्यांनी विचारलेलं नसतं. त्यातला एक जण तर एसटी चुकली म्हणून वेळ काढायला आलेला असतो. तरी निकाल एकमताने लागतो: "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." चौथा माणूस गाडीचा मालक. त्याचंही मत तेच असतं, फक्त खर्चाच्या विचाराने तो ते मोठ्याने बोलत नाही. सोसायटीच्या सभेत जिन्यातल्या दिव्यावरसुद्धा ज्यांचं एकमत होत नाही, त्यांचं एका यंत्राच्या दोषाबद्दल इतकं मतैक्य व्हावं, ही मुळातच संशय घेण्यासारखी गोष्ट आहे. माझं म्हणणं असं, की जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत ज्याला कार्बोरेटरचा बिघाड म्हणतात, तो बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या बाहेर असतो. उरलेल्या वेळी तो खरोखरच कार्बोरेटरमध्ये असतो, पण त्यातल्या बऱ्याच वेळी आधी कुणीतरी कार्बोरेटर 'दुरुस्त' केलेला असतो म्हणून.

आरोपीची ओळख करून द्यायला हवी, कारण नव्या गाड्या वापरणाऱ्यांनी तो पाहिलेलाच नाही. 1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. तिचं आणि तिच्यामागून आलेल्या सीजे-3बीचं पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचं, 2,199 सीसीचं. 1985च्या डिसेंबरात मारुतीची जिप्सी आली ती 970 सीसीची. 1996मध्ये तिला 1.3 लिटरचं इंजिन मिळालं, आणि 2000 साली तिच्यात कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. त्याआधीच्या या सगळ्या गाड्या कार्बोरेटरवर चालल्या. कार्बोरेटर करतो काय? हवेला एका अरुंद गळ्यातून जायला लावतो. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबामुळे शेजारच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर येऊन हवेत फवारलं जातं. वेग आणि दाबाचं हे नातं दानिएल बर्नुलीने 1738 साली छापलं, अरुंद गळ्यातल्या प्रवाहावर जोव्हानी बात्तिस्ता व्हेंतुरीने 1797 साली लिहिलं. दोघांनीही मोटार पाहिली नाही, म्हणून दोघेही सुखाने गेले. 1893 साली बुडापेस्टला डोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी फवाऱ्याच्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. रस्त्यावरच्या फुलवालीला तोंडाने फुंकून फुलांवर पाणी उडवताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, त्या फुलवालीला नंतर कुणी "तुझ्या नळीत कचरा आहे" असं म्हटल्याची नोंद नाही.

आता या यंत्रात हलणारं असं किती आहे ते मोजा. ॲक्सिलरेटरच्या तारेने फिरणारी बटरफ्लायची चकती, तशीच दुसरी चोकची, पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, त्याच्या हालचालीने उघडझाप करणारी निडल, आणि पाय दाबला की पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप. दोन बॅरलचा असेल तर आणखी एखादी चकती. संपलं. त्यातला फ्लोट तर दिवसभर तरंगण्यापलीकडे काही करत नाही. त्याउलट शेजारचा, प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर बघा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारत असेल, तर त्यातले पॉइंट मिनिटाला सहा हजार वेळा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. प्रत्येक वेळी एक सूक्ष्म ठिणगी त्यांच्या तोंडावर उडते. युद्धकाळातल्या विलीजच्या पॉइंटमध्ये सांगितलेली फट 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. फायबरची टाच झिजली की फट मिटत जाते, टायमिंग सरकतं, ठिणगी मरते, आणि गाडी मिस मारायला लागते. सेकंदाला शंभर वेळा काम करणारा आणि दिवसभर तरंगणारा, या दोघांपैकी आधी कोण दमेल हे सांगायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. तरी गाडी मिस मारली की आधी खोलला जातो तो तरंगणारा.

याची कारणं यांत्रिक नाहीत, भौगोलिक आहेत. कार्बोरेटर वर असतो. बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचा डबा बाजूला केला, की तो समोर उभा. डिस्ट्रिब्युटर खाली अडचणीत, तिथे हात घालायचा तर तापलेलं लोखंड मनगटाला लागणार. पेट्रोल पंप, ज्याला गॅरेजमध्ये एसी पंप म्हणतात, इंजिनाच्या अंगाला खाली चिकटलेला. टाकी तर विलीजमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली असते. युद्धातल्या जीपमध्ये गादी उचलूनच पेट्रोल भरावं लागे. म्हणजे ज्या गंजाच्या नावाने कार्बोरेटर महिन्यातून दोनदा खोलला जातो, त्या गंजाचा उगम मालक ज्यावर बसून गॅरेजपर्यंत येतो तिथेच असतो. पण मालकाला "जरा उठा" म्हणणं मिस्त्रीला अवघड वाटतं. आणि कार्बोरेटरला स्क्रू असतात, तेही बाहेरून दिसणारे. माणसाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर असला आणि समोर फिरणारा स्क्रू असला, की दोघांची भेट टाळणं फार थोड्या लोकांना जमतं.

खरी गंमत पुराव्याची आहे. कार्बोरेटर खोलला की त्यात कचरा सापडतोच. फ्लोट चेंबर ही पेट्रोल थांबण्याची जागा आहे. जिथे प्रवाह थांबतो तिथे गाळ बसतो. नीट धावणाऱ्या गाडीचा चेंबर उघडला तरी तळाला तांबूस भुकटी, दोनचार काळे कण आणि पाण्याचा एखादा थेंब निघतोच. तो तळ तसाच ठेवलेला असतो, जेट गाळाच्या थोडा वर बसवलेला असतो, आणि म्हणूनच गाडी धावते. पण मिस्त्री बोटावर ती भुकटी घेऊन मालकाच्या नाकासमोर धरतो, "बघा साहेब," म्हणतो, आणि साहेब बघतात. या क्षणी खटला संपतो. जो पुरावा चांगल्या गाडीतही सापडतो आणि बिघडलेल्या गाडीतही सापडतो, त्यावरून बिघाड सिद्ध होत नाही, ही साधी गोष्ट त्या बोटाकडे बघताना कुणाला सुचत नाही. धावणाऱ्या गाडीचा कार्बोरेटर कुणी उघडतच नाही, त्यामुळे कचरा आणि बिघाड हे नेहमी एकत्रच दिसतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: "ते सगळं खरं, पण कार्बोरेटर साफ केल्यावर गाडी चालू होते त्याचं काय?" आक्षेप वजनदार आहे, आणि खराही आहे. गाडी चालू होते. पण साफ करायला पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासात काय काय होतं ते पाहू. इंजिन गार होतं. नळ्यांत झालेली पेट्रोलची वाफ विरते. बुडालेले प्लग कोरडे होतात. तापून दगा देणारा डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर ताळ्यावर येतो. हात पोचावा म्हणून मिस्त्री प्लगच्या वायरी उपटतो आणि परत दाबून बसवतो, त्यात सैल झालेली एखादी वायर जागेवर जाते. कार्बोरेटरखालचं फाटलेलं पॅकिंग निघतं, नवं पडतं, आणि तिथून आत शिरणारी चोरटी हवा बंद होते. एअर फिल्टर झटकला जातो. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते बघितलं जातं. इतक्या गोष्टी एकाच वेळी सुधारल्यावर गाडी चालू झाली नसती तरच नवल. पण बिलावर यातलं काही लिहिलं जात नाही. बिलावर असतं: कार्बोरेटर सर्व्हिस.

टाकीच्या झाकणाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण कार्बोरेटरच्या माथी मारलेल्या गुन्ह्यांमध्ये हा सर्वांत सुबक गुन्हा आहे. टाकीतून पेट्रोल जसं कमी होतं तशी तिच्यात हवा शिरायला हवी, त्यासाठी जुन्या झाकणांना बारीक छिद्र असतं. ते धुळीने बुजलं, किंवा मूळ झाकण हरवून छिद्र नसलेलं दुसरं बसवलं, की टाकीत पोकळी तयार होत जाते. पंप ओढतो, टाकी सोडत नाही. गाडी काही अंतर छान जाते, मग अडखळते, मग बंद पडते. बॉनेट उघडून चर्चा होईपर्यंत टाकीत सांदीफटीतून थोडी हवा शिरते आणि गाडी आपोआप चालू होते. मधल्या वेळात कुणी कार्बोरेटरवर पान्याने दोन टोले मारले असतील, तर श्रेय त्या टोल्यांना जातं. पुढे ती गाडी त्याच हिशेबाने पुन्हा थांबते, पुन्हा टोले बसतात, आणि "हिचा कार्बोरेटर असाच आहे, टोला मागतो," अशी तिची ख्याती पंचक्रोशीत होते. गाडी थांबल्याबरोबर झाकण उघडावं. फुस्स असा आवाज आला तर पुढचं काही खोलायची गरज नाही.

गरम झाल्यावर बंद पडणं हा दुसरा मोठा आरोप. इथे तीन संशयित असतात आणि तिघांचं वागणं सारखं: तापलं की बंद, गार झालं की चालू. पहिला कंडेन्सर, दुसरी इग्निशन कॉइल, तिसरी पेट्रोलची वाफ. पेट्रोल म्हणजे अनेक द्रव्यांचं मिश्रण. त्यातले हलके भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, जड भाग दोनशेच्या पुढे. चंद्रपुरात मे महिन्यात सावलीतलाच पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. तिथून जवळच ताडोबात उघड्या जिप्सींच्या रांगा वाघाची वाट बघत पाणवठ्याशी इंजिन बंद करून उभ्या असतात. गाडी पळत असताना बॉनेटखाली वारा तरी असतो, उभी केली की इंजिनाची सगळी धग वर चढते. विलीजच्या जुन्या इंजिनात तर पेट्रोल-हवेची नळी तापलेल्या एक्झॉस्टच्या नळीवरच बसवलेली, थंड देशातल्या लोकांनी विचारपूर्वक बसवलेली. चेंबरमधलं पेट्रोल उकळून गळ्यात सांडतं, इंजिन पेट्रोलने बुडतं. नेमका त्याच वेळी वाघ निघतो. ड्रायव्हर सेल्फ मारतो, गाडी घेत नाही, म्हणून ॲक्सिलरेटर पंप करतो, म्हणजे बुडालेल्याच्या तोंडात आणखी पिचकाऱ्या. अशा वेळी पेडल एकदाच तळापर्यंत दाबून धरावं आणि सेल्फ मारावा, जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. वाफ पंपात अडकली असेल तर पंपावर ओलं फडकं टाकण्याचा घाटातला जुना उपाय अजूनही चालतो. आणि गरम असताना प्लगवर ठिणगीच येत नसेल तर दोष कंडेन्सरचा किंवा कॉइलचा. कार्बोरेटर फार तर साक्षीदार. वाघाला मात्र यातलं कुठलंच कारण पुरत नाही, तो निघून जातो.

फोर-व्हील-ड्राइव्हवाले इथे हात वर करतात. त्यांचं म्हणणं, आमची गाडी साध्या मोटारीसारखी सपाट रस्त्यावर चालत नाही. ती तिरकी होते, उभी होते, डोंगरावर जाते, म्हणून आमच्या कार्बोरेटरला खरंच त्रास होतो. हा आक्षेप मी आदराने मान्य करतो, कारण तो भौतिकशास्त्रावर उभा आहे. फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलची पातळी ठरवताना गाडी सपाट आहे असं धरलेलं असतं. उभ्या चढावर पेट्रोल एका बाजूला कलतं. चेंबर गळ्याच्या पुढे असेल तर इंजिन बुडतं, मागे असेल तर उपाशी राहतं, आणि उतारावर हेच उलट होतं. उंचीचंही तसंच. कार्बोरेटर हवेचं आकारमान ओळखतो, वजन त्याला कळत नाही. लडाखमध्ये लष्कराच्या जिप्सी ज्या खारदुंग लापर्यंत चढत, त्या खिंडीच्या पाटीवर कित्येक वर्षं अठरा हजारांहून अधिक फुटांचा आकडा होता, मोजणीत उंची भरली 17,582 फूट. कार्बोरेटर पाटी वाचत नाही, पण त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के उरते हे त्याला भोगावं लागतं. पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, मिश्रण घट्ट होतं, काळा धूर निघतो, ताकद जाते. पण यात बिघाड कुठला? जे यंत्र ज्या नियमाने कोकणात चालतं, त्याच नियमाने ते खिंडीत काळा धूर सोडतं. डोंगराळ भागात राहणाऱ्याने लहान जेट घालावा. चार दिवसांसाठी वर जाणाऱ्याने धूर सोडत जावं आणि खाली यावं. होतं असं, की वर गेल्यावर कुणीतरी स्क्रू फिरवून मिश्रण पातळ करून देतो, गाडी तिथे बरी चालते, आणि मैदानात उतरल्यावर त्याच पातळ मिश्रणावर उपाशी, तापलेली, फटके मारत घरी येते. मग गावचा मिस्त्री म्हणतो, "वर नेलीत ना, कार्बोरेटरमध्ये कचरा आला असणार."

आता त्या स्क्रूबद्दल. आयडलिंगचे स्क्रू दोन: एक फेऱ्यांचा, एक मिश्रणाचा. एखाद्या सिलिंडरला ठिणगी कमी पडते, गाडी सिग्नलला बंद पडते, तर पहिला मिस्त्री फेरे वाढवून देतो. गाडी सिग्नलला बंद पडत नाही, ओरडते. दुसरा मिस्त्री ओरडणं कमी व्हावं म्हणून मिश्रण फिरवतो. तिसरा पीयूसीच्या मशीनपुढे ते पूर्ण आवळतो, कारण जुन्या मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे आणि मशीनला भावना नसतात. प्रमाणपत्र हातात पडल्यावर चौथा ते पुन्हा सैल करतो. प्रत्येकाने आधीच्याची चूक आपल्या चुकीने झाकलेली असते. पाच वर्षांनी मूळ रोग कुठला होता हे कुणालाच सांगता येत नाही, आणि पॉइंटची फट मात्र सुरुवातीपासून मिटलेलीच असते. त्यात मिश्रणाच्या स्क्रूचं टोक सुईसारखं निमुळतं असतं. जोर लावून आवळलं की त्यावर वळं उमटतं, आणि त्यापुढे तो स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनाला काही कळत नाही. फिरवणाऱ्याला मात्र समाधान मिळत राहतं.

जेटची कथा याहून करुण आहे. जेट पितळेचा, मऊ. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवर 120 लिहिलं असेल तर भोक 1.20 मिलिमीटरचं, इतकं मोजून पाडलेलं. ते साफ करायला हवा आणि सॉल्व्हंट पुरतं. पण कंप्रेसरवर रांग असते आणि क्लचच्या जुन्या तारेचा धागा हाताशी असतो. तो धागा दोनचार वेळा आत-बाहेर केला की जेट साफ होतो आणि मोठाही होतो. भोकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं. शाळेच्या भूमितीतलं हे πr² पेट्रोल पंपावर असं भेटतं. मग गाडी जास्त पिते. "जुनी झाली, पिणारच," असं मालक म्हणतो आणि ॲव्हरेज वाढावं म्हणून पुन्हा कार्बोरेटर साफ करायला देतो. फ्लोटचंही असंच. पितळी फ्लोटला चीर पडून त्यात पेट्रोल शिरलं की तो बुडतो आणि चेंबर वाहतो. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे येतात, चीर सापडते, हे उत्तम. पण मग त्यावर कल्हई करावी तसा सढळ हाताने शिशाचा गोळा चढवतात. फ्लोट जड होतो, उशिरा वर येतो, निडल उशिरा मिटते, पातळी वाढते, गाडी पुन्हा वाहते. विलीजवरच्या कार्टर कार्बोरेटरला फ्लोटची पातळी तीन अष्टमांश इंच दिलेली आहे. आपल्याकडे ती डोळ्याने लावतात, आणि डोळा प्रत्येक गॅरेजचा वेगळा. वरचं झाकण गळतं म्हणून त्याचे स्क्रू दात आवळून ताणले की झाकण वाकतं, आणि आता ते खरोखर गळायला लागतं.

"पण हल्लीचं पेट्रोलच बदललंय," हा आक्षेप नवा आहे आणि यात तथ्य आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य आधी 2030चं होतं, ते अलीकडे आणलं गेलं आणि 2025मध्ये गाठलंही गेलं. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊच. म्हणजे जुना जेट तोच ठेवला तर मिश्रण जरा पातळ पडतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या टाकीच्या भिंतीवर तीस वर्षं निवांत बसलेला थर सोडवतं, आणि जुनी रबरं फुगवतं, त्यात निडलचं टोक, पंपाचा डायफ्राम, पेट्रोलच्या नळ्या सगळं आलं. महाराष्ट्राच्या दृष्टीने यात एक वर्तुळ पूर्ण होतं. ज्या उसाच्या फडाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यासाठी जीप घेतली, त्याच उसाचा रस कारखान्यातून फिरून जीपच्या पंपाचा डायफ्राम फुगवायला येतो. दर फेरीत सभासद तोच असतो. पण इथेही उपाय कार्बोरेटर धुण्यात नाही. टाकी आतून साफ करावी, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि डायफ्राम घालावेत, पंपाआधी चांगला फिल्टर बसवावा, आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर चेंबर रिकामा करावा. एवढं केल्यावर एक नंबर मोठा जेट घालायचा की नाही, ते प्लगचा रंग बघून ठरवता येतं. काळा काजळलेला असेल तर मिश्रण घट्ट, पांढरा पडला तर पातळ, फिकट तपकिरी असेल तर हात खिशात.

मग कार्बोरेटर कधीच दोषी नसतो का? असतो. लँड रोव्हरच्या जुन्या गाड्यांवरचा झेनिथ 36 आयव्ही त्याच्या वाकणाऱ्या वरच्या भागासाठी आणि आतल्या रबरी रिंगसाठी इतका बदनाम आहे, की त्याची बाजू घ्यायला मीही उभा राहणार नाही. आपल्याकडच्या जुन्या कार्बोरेटरांत खरी झीज होते ती बटरफ्लायच्या दांडीची. लाखो वेळा फिरून दांडी आणि तिचं भोक दोन्ही झिजतात, बाजूने हवा शिरते, आणि आयडलिंग कधी वर कधी खाली होतं. इंजिन चालू असताना दांडीच्या टोकाशी थोडा क्लीनर फवारला आणि फेरे बदलले, की गुन्हा शाबीत. याला लेथवर बुश घालून घ्यावा लागतो. पण फ्लोट चेंबर धुतल्याने ही दांडी बरी होत नाही, त्यामुळे खरा दोषी असतानाही शिक्षा भलत्याच भागाला होते. कार्बोरेटरवर संशय घेण्याआधी दोन क्षणांची चौकशी पुरते. इंजिन बंद, फिल्टर बाजूला, बिडी विझवलेली, आणि गळ्यात डोकावून ॲक्सिलरेटरची दांडी हलवायची. पेट्रोलची धार उडाली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे, पंपही जिवंत आहे. धार नाही तर आधी टाकी, नळी, फिल्टर आणि एसी पंप. चालू गाडीला हाफ चोक दिल्यावर ती सुधारली तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे जेट बुजला आहे किंवा कुठून तरी हवा शिरते आहे, आणि हवा शिरण्याच्या जागा बहुतेक कार्बोरेटरच्या खाली असतात. चोक दिल्यावर आणखी बिघडली तर एअर फिल्टर, फ्लोट आणि निडल. चोक देऊनही तिला काहीच फरक पडत नसेल तर पॉइंट, कंडेन्सर, प्लग, वायरी, टॅपेट. एवढ्या चौकशीला पाऊण तास लागत नाही, त्यामुळे तिचं बिल करता येत नाही. ही पद्धत मागे पडण्याचं तेच मुख्य कारण असावं.

शेवटचा आक्षेप व्यवहारी लोकांचा: इतकं डोकं लावण्यापेक्षा बदलून टाका. हा मार्ग आपल्याकडे जुना आहे. पेट्रोल महाग झाल्यावर असंख्य जीपांची पेट्रोल इंजिनं उतरवून डिझेल इंजिनं चढवली गेली, आणि कार्बोरेटरचा प्रश्न आरोपीसकट मिटला. इंजेक्शन कार्बोरेटरपेक्षा सरस आहे, यात वादच नाही. 2020च्या एप्रिलपासून बीएस-6 आल्यावर आपल्या दुचाक्यांनीही कार्बोरेटर जवळपास सोडलाच. पण ज्याला जुनीच गाडी जुन्यासारखी ठेवायची आहे, त्याच्यापुढे तिसरा रस्ता येतो तो नव्या नकली कार्बोरेटरचा. चकचकीत, डब्यात, स्वस्त, आणि त्यातले जेट कुठल्या इंजिनासाठी पाडले आहेत हे डब्यावर लिहिलेलं नसतं. तो बसतो, आणि पॉइंटची फट, टाकीचं झाकण, फाटकं पॅकिंग सगळं जिथल्या तिथे राहतं. उतरवलेला मूळ कार्बोरेटर भंगारात जातो. तिथून तो पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात येऊन पोचतो, रॉकेलने धुतला जातो, आणि "कंपनीचा, ओरिजिनल" म्हणून नकलेच्या दुप्पट भावाला लागतो. घेणाऱ्यांत नकलेला कंटाळलेले मालकच जास्त असतात.